शेवंतीच्या दोन पुड्या

चेन्नईच्या टी. नगरात दिवाळीची साडी घ्यायला गेलेली बाई चार दुकानं पालथी घातल्याशिवाय परत येत नाही. पदर उजेडात धरून पाहते, रंग जाईल का म्हणून खोदून खोदून विचारते, दुकानदाराला उठबस करायला लावते आणि शेवटी पहिल्याच दुकानात जाऊन पहिलीच साडी घेते. तीच बाई स्वतःचा गुडघा कोणत्या हॉस्पिटलात उघडायचा, हे मात्र स्टेशनवरून आणणाऱ्या ऑटोवाल्याला विचारून ठरवते. हे मी ऐकीव सांगत नाही. माझी सगळी नोकरी हे पाहण्यात गेली. निवृत्त होऊन घरी बसले, तरी त्याचा धक्का काही ओसरलेला नाही.

चेन्नईतल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात मी समुपदेशक होते. नाव भारदस्त वाटतं, पण काम साधं. टेबलाशी बसायचं आणि येणाऱ्याशी बोलायचं. मी तंजावरकडची मराठी. आमचे पूर्वज तिकडे जाऊन इतक्या पिढ्या झाल्या की आमच्या मराठीला तामिळचा हेल चिकटला आणि जुने शब्द तसेच राहून गेले. महाराष्ट्रातून आलेले पेशंट माझं बोलणं ऐकून आधी दचकायचे, मग हसायचे. एका काकूंनी तर विचारलंच, “तुम्ही पोथी वाचून दाखवताय का?” लग्न सांगलीच्या माणसाशी झालं म्हणून माझी लिहायची मराठी जरा वळणावर आली, नाहीतर हा लेख वाचताना तुमचीही करमणूक झाली असती. तामिळ, मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी येत होतं, म्हणून ते टेबल माझ्याकडे आलं आणि शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिलं.

हॉस्पिटलात माणूस दोन तऱ्हांनी येतो. एक अपघात होऊन, छातीत कळ येऊन, ॲम्ब्युलन्समधून. त्याला निवड नसते. ॲम्ब्युलन्स नेईल ते हॉस्पिटल, समोर उभा असेल तो डॉक्टर. दुसरा येतो स्वतःच्या पायांनी. गुडघा बदलायचा आहे, हर्निया आहे, पित्ताशयात खडे आहेत, हृदयाची झडप अरुंद झाली आहे. ऑपरेशन करायचं हे नक्की, पण आज दुपारीच करायला हवं असं नाही. हाताशी थोडे दिवस असतात. या दिवसांत माणसाने चार ठिकाणी जावं, विचारावं, तोलावं आणि मग ठरवावं. असे लोक माझ्या टेबलाशी यायचे. त्यांनी काय विचारावं, तेही मी सांगायचे. हे ऑपरेशन तुमच्याकडे नेहमी होतं की कधीमधी? मोठे डॉक्टर स्वतः करणार की नुसते उभे राहणार? काही बिघडलं तर त्या वेळी कोण हजर असेल? घरी गेल्यावर शंका आली तर फोन कोणी उचलेल का? एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं. आणि हे विचारणारा माणूस आला की मला त्याला चहा पाजावासा वाटायचा, इतका तो दुर्मिळ.

बाकीचे कसे ठरवायचे ते ऐका. एक गृहस्थ वडिलांच्या हृदयासाठी आले आणि म्हणाले, अमुक डॉक्टरांकडूनच करायचं. मी म्हटलं, त्यांची माहिती कुठून मिळाली? तर म्हणे, त्यांचं नाव व्यंकटेश, आमचं कुलदैवत बालाजी, आणखी काय पाहायचं? मी सांगितलं की ते डोळ्यांचे डॉक्टर आहेत. माणूस क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मग त्यांना विचारून तर पाहा, करतील का.”

कुंभकोणमचे एक निवृत्त पोस्टमास्तर हर्नियासाठी हॉस्पिटलं पाहत फिरत होते. डॉक्टरांना भेटायच्या आधी त्यांनी मला विचारलं, वरच्या मजल्यावरचा संडास कुठे आहे? मला वाटलं, घाई असेल. परत आले आणि म्हणाले, “खालचा तुमचा आरशासारखा आहे. वर जिथे पेशंट असतात तिथला नाही.” नमस्कार करून निघून गेले. मी भयंकर चिडले. मग वर जाऊन पाहिलं आणि त्याहून भयंकर ओशाळले. त्या दिवशी मी मेट्रनच्या खोलीत जो आवाज चढवला, तो बाहेर कँटीनपर्यंत ऐकू गेला असं लोक सांगतात.

आणि एक तरुण, शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर कंपनीतला, पुण्याचा. त्याने लॅपटॉप उघडला आणि शहरातली सगळी हॉस्पिटलं रंगीत रकान्यांत माझ्यासमोर मांडली. कुणाला किती तारे, कुठे पार्किंग, कुठे ॲप. मला कौतुक वाटलं. म्हटलं, वडील कधी येणार दाखवायला? तो म्हणाला, “आलेत ना. खाली गाडीत बसलेत.” बाहेर चेन्नईचं ऊन. मी चप्पल कशीबशी पायात सरकवली आणि जिन्यावरून अक्षरशः पळाले. गाडीत एसी लावून ठेवला होता, म्हातारा जिवंत होता, एवढंच. मी काच ठोठावली. त्यांनी काच खाली केली आणि अगदी अदबीने विचारलं, “ठरलं का माझं?”

ते वाक्य मला पुढे फार दिवस पुरलं. त्यानंतर मी एक नियम केला. माझ्या टेबलासमोर एकच खुर्ची. तिच्यात पेशंट बसणार. मुलगा, सून, जावई, दीर, मेहुणे, सगळ्यांनी मागे भिंतीशी ठेवलेल्या बाकावर बसायचं. लोकांना राग यायचा. यू.एस.हून आलेल्या एका जावयाने तर माझी तक्रारही केली. मी म्हटलं, करा. खुर्ची एकच राहील.

अंबुजाबाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा मात्र मी त्यांना त्या खुर्चीत बसवू शकले नाही. त्या आल्या तेच मुळी डॉक्टरांच्या खोलीत थोरल्या मुलाने ऑपरेशनची तारीखही घेऊन टाकल्यावर. तंजावरच्याच, आमच्यातल्या. वय साठीच्या पुढे, नऊवारी नाही, तिकडची कॉटनची साडी, केसांत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा आणि बोलताना मध्ये मध्ये थांबून घेतलेला श्वास. नवरा चेन्नईच्या उत्तर टोकाला एन्नोरच्या वीजकेंद्रात नोकरीला होता, तो गेल्यावर त्या धाकट्या मुलाजवळ तिथेच राहत. धाकटा शेखर बंदरात कामाला. थोरला मोहन शोळिंगनल्लूरला, मोठ्या कंपनीत. अंबुजाबाईंच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, थोडे दिवस इकडे तिकडे चालतील, पण फार रेंगाळू नका. रेंगाळलात तर जिना चढता चढता काहीही होऊ शकतं.

मोहनला आमचं हॉस्पिटल हवं होतं. शेखरला दुसरं, त्याच्या साहेबांची बायपास जिथे झाली होती ते. दोघे भाऊ माझ्या टेबलाशी उभे राहून तामिळमध्ये भांडले. मोहन म्हणाला, तुला स्टँडर्ड कळतं का? शेखर म्हणाला, अम्मा राहते माझ्याकडे, ऑपरेशननंतर धावपळ मी करणार, तू फोनवरून विचारणार. बोलणं वाढत वाढत बापाच्या आजारपणापर्यंत गेलं. अंबुजाबाई मधे उभ्या होत्या आणि साडीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी त्यांना म्हटलं, “तुम्हास काय वाटतें?” त्यांनी तोंड उघडलं, तोवर मोहन म्हणाला, “आंटी, अम्माला यातलं काही कळत नाही. तिला टेन्शन देऊ नका.” आणि दोघे आईला घेऊन गेले.

दोन्ही भाऊ हटेनात, तेव्हा त्यांनी देवीला विचारायचं ठरवलं. कोकणात देवाला कौल लावतात, तसं आमच्या तामिळनाडूत फुलं टाकून पाहतात. एका पुडीत पांढरी फुलं, दुसरीत लाल. बाहेरून पुड्या सारख्याच. देवीपुढे ठेवायच्या, प्रार्थना करायची आणि एक उचलायची. लग्न जुळवायचं असो, घर घ्यायचं असो की खटला भरायचा असो, आमच्याकडे शिकलेली माणसंही हे करतात आणि नंतर कुणाला सांगत नाहीत. भावांनी ठरवलं, पांढरी निघाली तर मोहनचं हॉस्पिटल, लाल निघाली तर शेखरचं. पुडी गुरुक्कळ, म्हणजे देवळातले पुजारी, उचलतील. कुणी लबाडी केली असं नंतर म्हणायला नको.

गुरुक्कळांनी पुडी उचलली आणि सोडली. आत पिवळी शेवंती होती. त्यांनी घाईघाईने दुसरी सोडली. तिच्यातही पिवळी शेवंती. पांढरं नाही, लाल नाही. म्हातारा गुरुक्कळ म्हणाला, सगळा जन्म या गाभाऱ्यात गेला, असं कधी पाहिलं नाही. अम्मनच्या, म्हणजे देवीच्या, मनात ऑपरेशनच नाही. थांबा.

आणि ते थांबले. कंपनीत मोठमोठी यंत्रणा सांभाळणारा मोहन थांबला. जहाजांवरच्या क्रेन चालवणारा शेखर थांबला. मोहनने आमच्याकडे फोन करून ऑपरेशनची तारीख रद्द केली. कारण काय म्हणून मी विचारलं, तेव्हा त्याने हे सगळं मला सांगितलं, अगदी दबक्या आवाजात. झडप दिवसेंदिवस अरुंद होत चालली आहे आणि दोन कमावते मुलगे फुलांचा रंग पाहून घरी बसले आहेत! मला इतका संताप आला की टेबलावरची पाण्याची बाटली मी आदळली.

पुढच्याच आठवड्यात, दुपारच्या जेवणानंतर, अंबुजाबाई एकट्या आल्या.

मी त्यांना दारात पाहिलं आणि उठूनच उभी राहिले. चेहरा काळवंडलेला, हात भिंतीला टेकलेला, श्वास लागलेला. मी त्यांना धरून माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, नर्सला बोलावून नाडी पाहायला लावली. “कोठून आलांत अशा?”

“एन्नोरांतून. बसनें.” थोडा श्वास घेऊन म्हणाल्या, “दोन बसा बदलल्या.”

“शेखरला ठाऊक आहे?”

त्यांनी मान हलवली. नाही. मग नर्स जाईपर्यंत थांबल्या आणि माझ्याकडे वाकून म्हणाल्या, “वत्सलाक्का, ती फुलें मीच बांधली होती.”

मला आधी कळलंच नाही. घरातली फुलं रोज त्याच आणायच्या, त्याच ओवायच्या. देवीपुढे ठेवायच्या पुड्याही मुलांनी आईलाच बांधायला सांगितल्या. कुणाच्या मनात शंका येणार? आणि त्यांनी दोन्ही पुड्यांत मुद्दाम पिवळी शेवंती भरली होती.

“काय म्हणून?” मी जवळजवळ ओरडलेच.

“मजला वाटलें, दोन्ही नाही म्हटलें तर मग मजला विचारतील. अम्मा, तुला कोठें जायचें, म्हणून विचारतील.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “तर त्यांनीं ऑपरेशनच सोडलें. आतां काय करूं? सांगितलें तर पोरें म्हणतील, अम्मानें देवीला फसवलें. न सांगितलें तर मी अशीच जाणार.”

मी इतकी वर्षं त्या टेबलाशी बसले होते. नाना तऱ्हेची माणसं पाहिली होती. पण माणसाला स्वतःच्याच छातीबद्दल बोलायची संधी मिळावी म्हणून देवीच्या गाभाऱ्यात अशी युक्ती करावी लागते, हे माझ्या कल्पनेत नव्हतं. आधी मी त्यांच्यावर रागावले, मग त्यांच्या पोरांवर, मग त्या गुरुक्कळांवर, आणि राग संपल्यावर उरलं ते नुसतं वाईट वाटणं.

मी विचारलं, “आतां सांगा. तुम्हास कोठें जायचें?”

त्यांनी आमच्या हॉस्पिटलचं नाव घेतलं नाही. शेखरच्या हॉस्पिटलचंही नाही. उत्तर चेन्नईत एक जुनं ट्रस्टचं हॉस्पिटल आहे. दिसायला साधं, रंग उडालेलं, लॉबी वगैरे काही नाही. त्यांची शेजारीण मरियम छातीत धडधड होते म्हणून तिथे जायची आणि अंबुजाबाई सोबतीला. तिथे एक डॉक्टरीणबाई जाता जाता थांबल्या. म्हणाल्या, पाट्टी, म्हणजे आजी, दम तर तुम्हाला लागतोय, आत या. त्यांनी तपासलं, जुने रिपोर्ट आणायला सांगितले, आणि पुढच्या वेळी सगळं तामिळमध्ये समजावलं. झडपा दोन जातींच्या असतात. एक धातूची. ती टिकते पुष्कळ, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त वरचेवर तपासावं लागतं. दुसरी जनावराच्या अंगातल्या पडद्यापासून केलेली. तिला ती गोळी जन्मभर लागेलच असं नाही, पण काही वर्षांनी झिजू शकते, तेव्हा पुन्हा काहीतरी करावं लागेल. तुमच्या वयाला दोन्ही चालतील. तुम्हाला कोणती हवी?

“आणि तुम्हीं काय सांगितलें?”

“दुसरी. दर थोड्या दिवसांनीं रक्त द्यायला शेखरनें रजा टाकायची, मजला बसमध्यें घालून न्यायचें. मजला नको तें.”

“जनावराची चालेल तुम्हास?” सोवळ्याओवळ्याच्या घरातली बाई, म्हणून मी विचारलं.

त्या पहिल्यांदा हसल्या. “आंत कोण पाहतें?”

मी म्हटलं, ती झडप आमच्याकडेही मिळते. आमचे सर्जनही चांगले आहेत. ते खरंच होतं, आणि तसं सांगणं माझी नोकरीच होती.

“मिळेल की,” अंबुजाबाई म्हणाल्या. “पण मजला विचारलें कोणी? तुमच्या डॉक्टरांनीं मोहनला इंग्रजींत सांगितलें. मोहन म्हणाला, लोखंडी बसवा, मजबूत असते. माझ्या छातीत, म्हणे मजबूत असते.”

त्या दिवशी आमच्या डॉक्टरांची खोली माझ्या टेबलापासून पंधरा पावलांवर होती आणि तिथे एका बाईच्या हृदयात जन्मभर काय बसणार, हे तिच्या डोक्यावरून ठरलं होतं.

त्यांच्या मनाचं कौतुक वाटलं, तरी मी नुसत्या कौतुकावर विसंबले नाही. डॉक्टरीणबाई गोड बोलतात म्हणून कुणी छाती उघडून घेऊ नये. मी त्या हॉस्पिटलात ओळखीच्या एका सिस्टरला फोन लावला आणि माझे तेच सगळे प्रश्न विचारले. झडपेची ऑपरेशनं तिथे नेहमी होत होती. ऑपरेशन करणारे सर्जन जुने, हाताला यश असलेले. रात्री अतिदक्षता विभागात हृदयाचा डॉक्टर जागेवर असे. माझं समाधान झालं. मग मी मोहनला फोन केला आणि सांगितलं, तुझी आई माझ्याकडे बसली आहे, ऑफिसमधून निघ. शेखरलाही तेच. अंबुजाबाईंनी माझा हात घट्ट धरला. “फुलांचें सांगूं नका हो.” मी वचन दिलं.

दोघे आले ते घाबरून. शेखर तर घामाने डबडबलेला. आईला ठीकठाक बसलेली पाहून दोघेही एकदम तिच्यावर खेकसले. एकटी का आलीस, काही झालं असतं तर? मी त्यांना भिंतीकडचा बाक दाखवला. “बसा.”

“आंटी, हे काय...”

“बसा म्हटलं ना.”

बसले. मी विचारलं, ऑपरेशन का थांबवलंत? मोहनने इकडे तिकडे पाहिलं आणि पुटपुटला, “तुम्हाला सांगितलं ना. अम्मनने नको म्हटलंय.”

“कशाला नको म्हटलंय?” मी म्हणाले. “तुम्ही तिला विचारलंत, हे हॉस्पिटल की ते. तिने दोन्हींना नको म्हटलं. ऑपरेशनला नको म्हणाली असं कोणी ठरवलं?”

शेखरने भावाकडे पाहिलं. हे त्या दोघांच्या डोक्यात आलंच नव्हतं. “म्हणजे तिसरंच कुठलं तरी?” तो म्हणाला. “पण ते कोण सांगणार?”

मी समोरच्या खुर्चीकडे वळले. “अंबुजाबाई, तुम्हास कोठें करून घ्यायचें?”

त्यांनी आधी पदर सारखा केला. मग मागे वळून मुलांकडे न पाहता, माझ्याकडे पाहत, त्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं. डॉक्टरीणबाईंबद्दल सांगितलं. झडपेचं सांगितलं, ही हवी, ती नको, कशासाठी ते. मधे दोनदा श्वास घ्यायला थांबल्या, पण सगळं सांगून पूर्ण केलं.

मोहन उठून उभा राहिला होता. “त्या जुन्या बिल्डिंगमध्ये? अम्मा, तुला काय माहीत ते कसं आहे?” आणि मग माझ्याकडे वळून, “आंटी, तुम्ही इथे नोकरी करता ना? तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?”

“या खुर्चीच्या,” मी म्हटलं. “जा, तिथे जाऊन स्वतः बघ. सगळं विचार. शंका आली तर मला येऊन सांग. पण तिच्याबरोबर जा, आणि बोलू दे तिला.”

मग मोहन पुढे आला आणि त्या खुर्चीशेजारी जमिनीवर उकिडवा बसला. चांगला इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात कंपनीची पट्टी असलेला माणूस. “अम्मा, इतके दिवस सांगितलं का नाहीस?”

मला वाटलं, आता ही बाई फुलांचं सांगणार. पण त्यांनी नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तुम्हीं दोघें बोलत होतांत, रे.”

शेखर बाकावर बसल्या बसल्या लहान मुलासारखा रडला.

अंबुजाबाईंचं ऑपरेशन त्या जुन्या हॉस्पिटलात झालं. इकडे माझ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. दारात आलेला पेशंट तुम्ही स्वतः दुसरीकडे पाठवलात? त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. मी सांगितलं, पाठवला नाही, विचारलं फक्त. त्यांना फरक कळला नाही. त्यानंतर आमच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे मी एवढं मात्र मागून घेतलं की झडपेच्या पेशंटशी आधी मी त्याच्या भाषेत बोलणार, मग मुलांना आत घ्या. ते चांगले गृहस्थ होते. कबूल झाले, आणि पुढे पाळलंही.

मी अंबुजाबाईंना भेटायला गेले, तेव्हा त्या पलंगावर बसून रसमभात खात होत्या. श्वास सरळ चालत होता. नर्सची पाठ वळल्यावर मला म्हणाल्या, “शेखर सगळ्यांस सांगतो, अम्मननें तिसरें हॉस्पिटल दाखवलें. गुरुक्कळही तेंच सांगतात. देवळांत गर्दी वाढली म्हणे.” आणि छातीवरची पट्टी दाबून धरत, दुखत असतानाही हसल्या. हा लेख लिहायचं ठरलं, तेव्हा मी त्यांना फोन करून विचारलं, तुमची गोष्ट लिहू का? पोरांना कळेल. त्या म्हणाल्या, “लिहा की. माझीं पोरें मराठी कोठें वाचतात?”

लेख इथेच संपायचा होता. पण मागच्या रविवारी जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा उजवा गुडघा गेली काही वर्षं कुरकुरत होता, आता तो बदलायचा आहे. घाई नाही. ठरवून करायचं ऑपरेशन. दुपारी जेवणं झाल्यावर मुलगा आणि सून हॉलमध्ये बसले, मुलीला पुण्याहून व्हिडिओवर घेतलं आणि तिघांची चर्चा सुरू झाली. मुलगा म्हणाला, अम्माच्या जुन्या हॉस्पिटलातच करू, तिथे सगळे ओळखतात. मुलगी म्हणाली, छे, इकडे पुण्याला आणा, माझ्या मैत्रिणीच्या सासूचा तिथे मस्त झाला. सून म्हणाली, मी दोन ठिकाणचे रिव्ह्यू वाचलेत. अर्धा तास झाला. मी त्याच सोफ्यावर बसले होते, सुनेला माझा खांदा लागत होता. मुलगी पडद्यातून म्हणाली, “अम्माला आत्ता काही सांगू नका, उगाच टेन्शन घेईल.”

मला धक्का बसला तो त्यांचा नव्हे, माझाच. भिंतीशी बाक मांडणारी मी, दुसऱ्यांच्या मुलांना दटावणारी मी, माझ्या तोंडातून एक अक्षर निघेना. आपलीच माणसं प्रेमाने बोलत होती. त्यांना मधेच तोडायचं कसं? अंबुजाबाई पदराचं टोक बोटाला का गुंडाळत होत्या, ते मला त्या सोफ्यावर बसून कळलं. खाली पाहिलं, तर माझ्याही बोटाला पदर गुंडाळलेला होता.

शेवटी मुलगा म्हणाला, “भांडण नको. संध्याकाळी देवळात जाऊ आणि फुलं टाकून पाहू. अम्मा, दोन पुड्या बांधून देशील का?”

मी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि सुनेला म्हटलं, “बाजारात जाशील ना, तेव्हा शेवंती आण. पिवळी.”